न टेकवलेला धागा

संशोधन या शब्दाबद्दल माझं मत काही फार बरं नव्हतं. आमचं गाव आर्णीपासून जवळ, अगदी रस्त्याला लागून, त्यामुळे कुणालाही काही विचारायचं असलं की गाडी आमच्याकडेच थांबायची. कापसाबद्दल विचारून गेले, पाण्याबद्दल विचारून गेले, बचत गटाबद्दल विचारून गेले. चहा पिऊन, फोटो काढून माणसं जायची, आणि त्या उत्तरांचं पुढे काय झालं हे गावात कुणाला कधी कळलं नाही. म्हणून यवतमाळच्या दवाखान्यातल्या त्वचारोगाच्या डॉक्टर मॅडमना गावोगाव फिरून हातपाय तपासायला मुली हव्या आहेत असं समजलं, तेव्हा मी गेले ती निव्वळ नोकरीसाठी. बी.एस्सी. होऊन मी आर्णीत कटलरीच्या दुकानात उभी राहत होते आणि त्या दुकानाचा मला वीट आला होता.

काम समजायला सोपं होतं. कुष्ठरोगाचा चट्टा कातडीवर दिसतो, पण खरी नासाडी आत, नसेत होते. नस सुजते आणि बोट बधिर होत जातं. दुखत काहीच नाही, म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही. बोटं वाकडी झाली की जातो, आणि मग डॉक्टरच्या हातातही फारसं काही उरलेलं नसतं. बोट वाकण्याआधीच गावात जाऊन ही बधिरता पकडता आली आणि लगेच सूज उतरवणाऱ्या गोळ्या सुरू केल्या, तर किती हात वाचतात, हे मॅडमना बघायचं होतं.

त्यासाठी आम्हाला नायलॉनचे धागे दिले. प्लास्टिकच्या दांडीला बसवलेले, एक अगदी बारीक, पुढचे जाड होत गेलेले. समोरच्यानं डोळे मिटायचे, आपण धागा त्याच्या तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, आणि कळलं की त्यानं 'लागलं' म्हणायचं. एक नियम मात्र मला वेडेपणाचा वाटला. मधूनमधून धागा नुसता जवळ न्यायचा, टेकवायचाच नाही.

"कशासाठी?" मी प्रशिक्षणात विचारलं.

"माणसं चांगली असतात म्हणून," मॅडम म्हणाल्या. "एवढ्या उन्हातून पोरगी आली, तिचं मन कशाला मोडा, असं म्हणून ती हो हो करत राहतात. त्यांचं हो खरं आहे की भिडेपोटी, हे आपल्याला कळायला हवं."

आम्ही सगळ्या हसलो. तपासताना हातातल्या बांगड्या काढून ठेवायच्या, हाही एक नियम होता, आणि घरी कुणावर तरी भरपूर सराव करून यायचं होतं. ज्यांचा हात बसणार नाही त्यांना गावात पाठवणार नव्हते. माझ्या घरी मी आणि आई, दोघीच. म्हणजे सराव कुणावर करायचा हा प्रश्नच नव्हता.

आई कापूस वेचायला जायची. आमची स्वतःची शेती नाही, पण वेचणीत तिचा हात धरणारी बाई आसपासच्या गावांत नव्हती. ज्यांनी कापूस वेचला नाही त्यांना तो फार मऊ वाटतो. कापूस मऊच असतो, पण तो ज्यात बसलेला असतो त्या सुकलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. नखाच्या कडेला टोचतात, रक्त काढतात, रात्री भाकरीचं पीठ मळताना बोटं चरचरतात. म्हणून बाया जुन्या लुगड्याच्या चिंध्या बोटांना गुंडाळून वेचतात. चिंधीनं टोचणं वाचतं, पण हात हळू पडतो. त्या हिवाळ्यात आईनं उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट उघडं ठेवायला सुरुवात केली होती. हात पक्का झाला, असं ती म्हणायची. आमच्याकडे ही मोठी कमाईची गोष्ट समजतात. टोळीतल्या बाया तिच्या हाताकडे बघून हेवा करायच्या, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या हाताचं कौतुक होतं.

त्या रविवारी दुपारी मी तिला अंगणात खाटेवर बसवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि सराव सुरू केला.

"लागलं," आई म्हणाली. "लागलं. लागलं. पाह्य, एकबी नाई चुकला तुहा."

मीही खूश होते. अंगठा, मधलं बोट, तळवा, करंगळी, सगळीकडे लागलं. मग मला तो वेडा नियम आठवला. मी धागा करंगळीच्या पेरावर नेला आणि तसाच वर धरून ठेवला. माझ्या बांगड्या किणकिणल्या.

"लागलं," आई म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. डोळे घट्ट मिटलेले, आणि पहिल्या बाकावर बसणाऱ्या पोरीसारखा तयार चेहरा. मी बांगड्या काढल्या आणि गोधडीवर ठेवल्या. मग तोच धागा तिच्या करंगळीला खरोखर टेकवला. आई गप्प. त्याहून जाड धागा घेतला, तो वाकेपर्यंत दाबला. आई गप्प. शेवटी सगळ्यात जाड धागा घेऊन दाबला, इतका की बोटाच्या कातडीला खळगा पडला.

"काहून थांबली?" आई डोळे मिटूनच म्हणाली. "कर ना."

शेजारचं बोट, तळव्याची बाहेरची कड, सगळं तसंच. कडेवर एक भाजल्याचा डाग होता. चिलटं चावली असं तिनं मला सांगितलं होतं. कोपराच्या वर फिकट चट्टा होता, त्याला गजकर्ण समजून ती मेडिकलमधून आणलेलं मलम लावायची. चट्टा थोडा निवळला होता, म्हणून आम्ही दोघी तो विसरूनही गेलो होतो. प्रशिक्षणात दाखवलं होतं तसं मी तिच्या कोपराच्या मागे बोटानं चाचपलं. आत दोरीसारखं काहीतरी जाड लागत होतं.

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग.

"मंग लागलं लागलं कायले म्हनून राह्यली होती तू?"

"तूच म्हनलं ना, सराव नाई जमला तं घेत नाई म्हून," आई म्हणाली. "तुह्या बांगड्या वाजल्या का मी म्हनत जाव."

"आन् मले जमत नसतं तं? गावभर खोटं लिहीत फिरली असती मी."

"येवढ्याशा बोटाचं काय घिऊन बसली? रोज वेचून राह्यली ना मी."

"उद्या यवतमाळले चाल."

"मी नाई येत."

ती उठून चुलीकडे गेली आणि पाठमोरी बसून राहिली. तिथूनच हळूच म्हणाली, "रगतपिती म्हनतीन लोकं. तुही नोकरीबी जाईन."

तेव्हा मी तिचंच हत्यार तिच्यावर चालवलं. तू आली नाहीस तर उद्यापासून मीही कामाला जात नाही, असं सांगितलं. सकाळी ती माझ्याआधी तयार होऊन दारात उभी होती, पदर मनगटापर्यंत ओढलेला.

एसटीत तिनं मला तिच्या मामाची गोष्ट सांगितली. त्याला शेताच्या धुऱ्यावर, लांब बांधाशी, झोपडी घालून दिली होती. आई तेव्हा लहान, डबा द्यायला तिला पाठवायचे. ती लांब उभी राहून हाक मारायची, डबा दगडावर ठेवायची आणि पळायची. मामा दोन्ही हातांच्या मधे धरून डबा उचलायचा, कारण बोटांनी धरताच यायचा नाही. "त्याले मी कदी जवळून पाह्यलंच नाई," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी तिचा उजवा हात धरून ठेवला होता. तिला त्यातला किती भाग कळत होता कोण जाणे.

मॅडमनी तिला तपासलं. त्यांनी करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या मधे एक कागद धरायला दिला आणि हलकेच ओढला. कागद अलगद निघून आला. पुन्हा धरायला दिला, आईनं दात आवळले, कागद पुन्हा निघाला. पोत्यात दाबदाबून कापूस भरणारा तो हात. मी भिंतीकडे बघायला लागले.

"आई, हे कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

"आत्ताच. थोडेसे दिस झाले," आई म्हणाली. मॅडम गप्प राहिल्या तशी घाईनं पुढे म्हणाली, "नाई तं लय दिस झाले असतीन."

मॅडमनी मला बाजूला घेतलं. बधिरता सहा महिन्यांच्या आतली असेल तर सुजेवरच्या गोळ्यांनी नस परत येण्याची चांगली आशा आहे, म्हणाल्या. जुनी असेल तर आशा कमी, आणि गोळ्या तर जबर. आईच्या रक्तातली साखर आधीच काठावर होती. गोळ्यांनी ती चढणार, पोट बिघडणार, आणि एवढं सोसून हात तसाच राहिला तर काय मिळवलं? कुष्ठरोगाच्या गोळ्या तर कसंही करून सुरू होणारच होत्या, त्यांनी रोग बरा होईल. पण हात वाचवायचा तर ही दुसरी औषधं, आणि ती द्यायची की नाही हे एका प्रश्नावर अडलं होतं. कधीपासून?

आणि उत्तर देणार होती माझी आई, जी समोरच्याचं तोंड बघून उत्तर देते. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. दिवाळीत टोचत होतं का? हाव. नव्हतं का टोचत? नसन टोचत. मॅडमच्या खोलीबाहेर रांग वाढत होती, आणि माझ्या आईचा उजवा हात तिच्या हाव आणि नाई यांच्यामध्ये लोंबकळत होता.

मग मला चिंधी आठवली. वेचणी सुरू व्हायच्या दिवशी शेतमालकाच्या घरचे सीतादही करतात, म्हणजे पऱ्हाटीपाशी, कपाशीच्या झाडाशी, दहीभात ठेवून पूजा, आणि मगच कापसाला हात. आम्ही बौद्ध, आम्ही ते करत नाही, पण मजुरीला गेलं की पूजा आटपेपर्यंत बायांना बांधावर उभं राहावं लागतं. त्या सकाळी आईनं माझी जुनी ओढणी फाडून चिंध्या केल्या होत्या आणि त्यावरून आमचं भांडण झालं होतं. करंगळीला चिंधी बांधून गेली होती का ती? ओढणी फाडलेली मला आठवत होती, बोट आठवत नव्हतं.

मी तिथूनच शेजारच्या मावशीला फोन लावला. मावशी म्हणजे आईच्या टोळीची पुढारी, बाया जमवून शेतावर नेणारी.

"मावशी, सीतादहीच्या दिवशी आईच्या करंगळीले चिंधी होती का वं?"

"आता हे कायले पुसून राह्यली?"

"सांग ना. लय काम आहे त्याचं."

मावशी हसायलाच लागली. "चिंधी कुठची? पूजा सरायची होती, तं तुह्या मायले धीर कुठं? बाकीचे बोटं बांधून झाले होते, करंगळी राह्यली होती, आन् तशीच बोंडात हात घातला तिनं. करंगळीले अशी टोचली का आयच्यान वराडली, मालकीनबाईच्या हातातलं दही सांडलं ना तिच्याच लुगड्यावर. तुले नाई सांगतलं तिनं? मंग कुठं रडत रडत चिंधी बांधली."

मी फोन तसाच मॅडमच्या कानाला लावला. सगळं पुन्हा सांगायला लावलं. मावशीनं ते आणखी रंगवून सांगितलं, मालकीणबाईच्या लुगड्याच्या रंगासकट. मॅडम ऐकत होत्या आणि हसत नव्हत्या. सीतादही कधी असतं ते त्यांनी विचारलं, मनाशी महिने मोजले, ते सहाच्या आत भरले, आणि त्यांनी गोळ्या लिहायला घेतल्या. आई खाली मान घालून बसली होती. तिला दह्याची लाज वाटत होती.

पुढचे महिने मला नीट सांगता येणार नाहीत, कारण त्यांत मी नुसती धास्तावलेली होते. आईचा चेहरा गोळ्यांनी सुजला. बाया म्हणाल्या, मानवलं बरं बसून खाणं. कुष्ठरोगाच्या गोळ्यांनी रंग काळवंडला. साखर चढली, तिच्यासाठी वेगळी गोळी आली. मीही मॅडमसमोर एक डोस गिळला, रोग्याच्या जवळच्या माणसांना रोग लागू नये म्हणून देतात तो. मावशीलाही दिला. मावशीला खरं काय ते सांगावं लागलं, आणि मी जीव मुठीत धरून तिच्या तोंडाकडे बघत होते. ती म्हणाली, "गोळीनं जाते ना? मंग झालं तं," आणि गोळी गिळून आईच्याच हातचा चहा मागितला. त्या चहाचे उपकार मी विसरणार नाही.

मॅडमनी मात्र त्या फोनवरची गोष्ट सोडली नव्हती. कापसाच्या गावांमध्ये आता आम्ही हातपाय तपासण्याआधी बायांना विचारायचं ठरलं, वेचताना कुठल्या बोटाची चिंधी सोडली? फुलसावंगीकडच्या एका गावातल्या विहारात हा प्रश्न विचारला तर एका तरुण बाईनं हसत हसत डावी करंगळी वर केली. हात पक्का झाला, असंच तीही म्हणाली. तिची नस नुकती सुजायला लागली होती, पकड शाबूत होती, औषध त्याच आठवड्यात सुरू झालं. तिच्यासाठी दह्याचा पुरावा शोधत बसावं लागलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की आमच्या गावातून गेलेली एक तरी गोष्ट कुठंतरी पोचली.

आईचा हात मात्र होता तिथेच होता. पहिल्या तपासणीत काही फरक नाही, दुसरीत थोडा वाटतो, नक्की सांगता येत नाही. ती रोज कोमट पाण्यात हात बुडवायची, तेल लावून बोटं ताणायची, टेबलावर तळवा ठेवून करंगळी बाजूला सरकवायचा प्रयत्न करायची. करंगळी जागची हलायची नाही. आई माझ्याकडे बघून म्हणायची, "हालली ना जराशी?" मी काही बोलायची नाही. तिला खोटं हो म्हणायचं नाही, असं मी ठरवलं होतं. घरात एक खोटं हो म्हणणारी पुरे होती.

गोळ्या संपत आल्या तेव्हा शेवटची मोठी तपासणी होती. ती मी करू शकत नव्हते, घरच्या माणसानं तपासायचं नाही आणि खोलीतही थांबायचं नाही, असा नियम. माझ्यासोबतची एक मुलगी आत गेली. मी व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसले. दार लोटलेलं होतं, पण आवाज येत होता. करंगळीच्या टोकाची आशा मॅडमनी आधीच सोडायला सांगितली होती. प्रश्न होता शेजारच्या बोटाचा आणि तळव्याच्या कडेचा. ते परत आले तर पकड टिकणार होती, नाही आले तर बोटं वळत जाणार होती.

"लागलं," आईचा आवाज आला.

थोड्या वेळानं, "लागलं."

मला काही कळत नव्हतं. त्या पोरीनं कुठं टेकवलं, टेकवलं की नाही, काही दिसत नव्हतं. आणि हे लागलं मला फार ओळखीचं होतं. याच आवाजात, याच उत्साहात तिनं अंगणात मला फसवलं होतं. ही पोरगी तर आईला आवडायची. येताना तिच्यासाठी तिनं मुरमुऱ्याचा चिवडा बांधून आणला होता. तिचं मन आई कसं मोडणार?

"लागलं. लागलं."

मग शांत. शांतता लांबत गेली. मी बाकड्यावरून उठले. आत काहीच हालचाल नव्हती, आणि मग आई म्हणाली,

"काहून थांबली? कर ना."

अंगणातलं तेच वाक्य. मला दिसत होतं ते तिचं मिटलेल्या डोळ्यांचं तोंड, आणि बोटाला खळगा पाडणारा तो जाड धागा. एवढे महिने, एवढ्या गोळ्या, सुजलेला चेहरा, सगळं वाया गेलं होतं. मी दाराची कडी धरून उभी राहिले.

आत ती मुलगी हसली. "अवो काकू, टेकवलाच कुठं होता मी. करंगळीशेजारच्या बोटावर नुसता वर धरला होता."

"मले काय वेडी समजली?" आई म्हणाली. मग क्षणभर थांबून म्हणाली, "हां. आता लागलं."